स्वस्तातली मोठी गाडी आणि हिशोबाची वही

धुळ्या-जळगावकडच्या आपल्या वस्त्यांतून हल्ली एक नवे दृश्य दिसते. दोन खोल्यांचे घर, वर पत्रे, आणि दारात मात्र परदेशी बनावटीची लांबलचक गाडी. अर्थात ती पन्नास लाखांना घेतलेली नसते. सहा-सात लाखांत, दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या हाताने आलेली असते. दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्या दिल्लीत चालवू नयेत असा आदेश हरित लवादाने 2015 साली दिला आणि 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. तेव्हापासून तिकडच्या बड्या लोकांच्या गाड्या पडत्या भावाने बाहेर पडू लागल्या आणि दलालांच्या हातून फिरत फिरत पार खानदेशात येऊन पोचल्या.

अशी गाडी घेणाऱ्याला नावे ठेवणारे पुष्कळ भेटतात. मी त्यांच्यातला नाही. 1929 साली याच खानदेशात, चाळीसगावला, टांगेवाल्यांनी बाबासाहेबांना आपल्या टांग्यातून न्यायला नकार दिला होता. शेवटी टांगा हाकण्याची सवय नसलेल्या आपल्याच एका माणसाने लगाम हाती घेतला. अपघात झाला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. ही हकिकत आपल्या घराघरांत ठाऊक आहे. तेव्हा आपल्या पोराला चांगल्या वाहनाची ओढ का असते, हे मला कुणी समजावून सांगायला नको. पण वाहन दारात आणणे वेगळे आणि ते चालते ठेवणे वेगळे. दुसऱ्या गोष्टीविषयी आपल्याकडे फारसे कुणी बोलत नाही.

माझा भाचा धुळ्याला एका व्यापाऱ्याकडे ड्रायव्हर आहे. पगार 22,000. त्याने चार लाख साठवलेले आणि तीन लाख पतपेढीचे घालून 2012 सालची डिझेल गाडी 7 लाखांना घेतली. मी बी.कॉम., सारे आयुष्य कारकुनीत गेलेले, त्यामुळे नात्यात कुणाचाही हिशोब अडला की वही माझ्याकडे जळगावला येते. तशी ही वही आली. गेल्या चौदा महिन्यांचा एकूण एक खर्च तिच्यात आहे.

पहिला खर्च कागदांचा. दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त आपल्याकडे ठेवायची तर इथला नंबर घ्यावाच लागतो. त्यासाठी मूळ आर.टी.ओ.चा नमुना 28 मधला ना-हरकत दाखला लागतो, शिवाय इथला कर भरावा लागतो. गाडी जुनी म्हणून कर कमी होतो खरा, पण तो काढतात मूळ किमतीवरून. म्हणजे गाडी स्वस्तात मिळाली तरी कर स्वस्त होत नाही. दलाल हे आधी कधी सांगत नाही. विम्याचेही तसेच. 1500 सी.सी.च्या वरच्या खासगी मोटारीचा नुसता थर्ड पार्टीचा हप्ता 2022 साली 7,897 रुपये ठरला, वर कर वेगळा.

मग मे महिना उजाडला. आपल्याकडचा मे कसा असतो ते सांगायला नको. एके दिवशी सकाळी भाच्याचा फोन: "मामा, गाडी बठी गई!" पुढची उजवी बाजू रात्रीतून जमिनीला टेकली होती. या गाड्यांना साध्या स्प्रिंगांऐवजी हवा भरलेल्या रबरी पिशव्या असतात. वय झाले आणि उन्हाने तापले की त्या रबराला चिरा पडतात. पिशवी हवा सोडू लागली की हवा भरणारा कॉम्प्रेसर सारखा चालू राहतो आणि काही दिवसांत तोही जळतो. इथेही तेच झाले. चिरीचा खर्च वेळीच केला असता तर कॉम्प्रेसरचा वाचला असता.

कंपनीचे सर्व्हिस सेंटर धुळ्यात नाही. नाशिक दीडशे किलोमीटरवर, आणि अशी गाडी दोरीने ओढत नेता येत नाही. ऑटोमॅटिक गिअरची गाडी चाके फिरवत ओढली तर गिअरबॉक्स बाद होतो; सपाट ट्रकवर चढवूनच न्यावी लागते. तिथला अंदाज निघाला दोन लाखांच्या वर. अक्काने गळ्यातली पोत काढून पुढ्यात ठेवली. भाचीच्या नर्सिंगची फी जुलैत भरायची होती, ती बाजूला ठेवण्याची भाषा सुरू झाली. तेव्हा मी मध्ये पडलो. फीच्या पैशाला हात लावायचा नाही, हे पहिल्यांदा ठरवले आणि मगच गाडीकडे वळलो.

जळगावचा ओळखीचा एक मिस्तरी धुळ्याला आला. त्याने साबणाचा फेस करून दोन्ही पिशव्यांना फासला. उजवीवर बुडबुडे आले, डावीवर नाही. म्हणजे बदलायची एकच. गाडीचा सतरा अक्षरी चासी नंबर देऊन त्याने भागाचा नेमका क्रमांक काढला. हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. या कंपन्या बरेचसे सुटे भाग स्वतः बनवत नाहीत. दुसरे कारखाने ते बनवून देतात आणि तोच माल कंपनीच्या शिक्क्याशिवाय कमी भावात मिळतो. कुर्ल्याच्या बाजारात वापरलेले भागही मिळतात. दरवाजा, आरसा, दिवा तिथून जरूर घ्यावा. ब्रेक आणि हवेची पिशवी मात्र जुनी घेऊ नये. पिशवी 48,000, कॉम्प्रेसर 42,000, मजुरी 8,000. अक्काची पोत गहाण गेलीच, पण फी शाबूत राहिली.

वहीतला बाकीचा खर्च असा: चार टायर 56,000, बॅटरी 21,000, दोनदा ऑईल आणि फिल्टर मिळून 28,000, ए.सी. 17,000. एकूण डागडुजी 2,20,000. गाडी चालली 9,000 किलोमीटर. म्हणजे किलोमीटरला साडेचोवीस रुपये, त्यावर डिझेलचे दहा. टायर-बॅटरी रोज लागत नाही हे कबूल. तरी दरमहा आठ हजार बाजूला काढल्याशिवाय ही गाडी पोसत नाही. पतपेढीचा हप्ता दहा हजारांचा. बावीस हजारांतून हे दोन्ही वजा केले की घरात चार हजार उरतात.

"लग्नसराईत भाड्याने देऊ, नवरदेवाला लोक दिवसाचे दहा हजार देतात," असे भाच्याचे म्हणणे. पण पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने चालवणे कायद्यात बसत नाही, आणि अपघात झालाच तर विमा कंपनी त्याच कारणावरून हात वर करते. वऱ्हाडातल्या कुणाला काही झाले तर भरपाई कुठून देणार? मी त्याला स्पष्ट सांगितले, नात्यातल्या लग्नाला फुकट ने, पण पैसे घेऊन नेऊ नको. त्याला राग आला. दोन आठवडे फोन नाही.

मेहुणे आयुष्यभर मार्केट यार्डात हमाली केलेले. दर रविवारी ते पांढरा सदरा घालून पुढच्या सीटवर बसतात आणि पांझरेच्या पुलावरून एक फेरी मारून येतात. गाडी विका म्हणताना माझी जीभ जड होते ती त्यांच्यामुळे. तरी आकडे दाखवले. विकली तर पतपेढीचे उरलेले दोन लाख फिटतात.

परवा नाशिकचे एक गिऱ्हाईक येऊन गेले. आधी साडेतीन लाखांवर अडले होते. मग त्याने वही मागितली, कोणता भाग कोणत्या तारखेला बदलला ते पावत्यांशी ताडून पाहिले, आणि 3,90,000 वर आले. भाच्याने अजून होकार दिलेला नाही. मात्र विकली तर पतपेढीच्याही आधी अक्काची पोत सोडवायची, एवढे त्याने स्वतःहून कबूल केले आहे.