मांजराची खाज, जुलाब आणि आहारचाचणी

मांजराला वारंवार उलट्या, जुलाब आणि खाज होऊ लागली, की कारणे मुख्यतः तीन गटांत शोधावी लागतात: परोपजीवी, न सोसणारे अन्न आणि आतड्याचा जुनाट आजार. तिन्हींची लक्षणे एकमेकांत मिसळलेली असल्याने एका तपासणीत निदान होत नाही, एकेक शक्यता बाद करत जावे लागते. प्रस्तुत लेखिकेच्या जळगावच्या घरातील ‘मनी’ या मांजरीचे निदान याच क्रमाने झाले. तिच्या मानेवर आणि कानांपुढे बारीक खपल्या धरत, पोटावरचे केस चाटून चाटून विरळ झाले होते, शी पातळ होई आणि खाल्लेले अधूनमधून तसेच उलटून पडे.

पहिली पायरी नोंदवहीची. मांजराने काय खाल्ले, कोणी घातले, उलटी किती वेळाने झाली आणि तिच्यात अन्न होते की केसांचा गोळा, हे लिहून ठेवावे लागते. मनीच्या वहीतून वेगळेच चित्र दिसले. सकाळी आजींकडून दूध-भाकरी, दुपारी पाकिटातले कोरडे खाद्य, संध्याकाळी शेजारच्या काकूंकडून माशांची डोकी आणि कधी शेवभाजीच्या रश्शात कुस्करलेला घास. यांतला रस्सा ताबडतोब बंद झाला, कारण कांदा आणि लसूण मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात.

दुसरी पायरी परोपजीवींची. पिसवा दिसल्या नाहीत तरी त्या नसतात असे नाही, चाटताना मांजर त्या गिळून टाकते. ओल्या पांढऱ्या कापसावर अंगातली काळी कणी झटकावी. तिच्याभोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेले रक्त असते. पिसवेच्या लाळेची ॲलर्जी मांजरांत नेहमी आढळते आणि पिसू गिळल्याने पट्टकृमीही होतात. पिसवांचे औषध मांजरासाठीचेच असावे. शेतीवाडीच्या घरात गुरांचे गोचीड मारण्याचे औषध हाताशी असते, पण त्यातले सायपरमेथ्रिन किंवा कुत्र्यांच्या औषधातले परमेथ्रिन यांचे विघटन मांजराचे यकृत नीट करू शकत नाही. त्यामुळे झटके येऊन मांजर दगावू शकते. विष्ठेचा नमुना ताजा न्यावा लागतो. जिआर्डियाच्या पुटी रोज बाहेर पडत नाहीत, म्हणून वेगवेगळ्या दिवसांचे तीन नमुने तपासणे चांगले. मनीला पट्टकृमी निघाले. प्राझिक्वांटेलने ते गेले, खाज मात्र गेली नाही.

तिसरी पायरी दुधाची. पिल्लू वाढते तसे दुधातली साखर पचवणारे लॅक्टेज विकर कमी होते. न पचलेली साखर आतड्यात पाणी ओढते आणि जुलाब होतात. ही ॲलर्जी नव्हे, पचनाची मर्यादा आहे. दूध थांबल्यावर मनीची शी बरीच घट्ट झाली, उलट्या आणि खाज तशीच राहिली. खरी ॲलर्जी अन्नातल्या प्रथिनांविरुद्ध शरीराच्या प्रतिकारयंत्रणेकडून होते. मांजरांत गोमांस, मासे आणि कोंबडी ही तिची नेहमीची कारणे आहेत.

ती ओळखण्याचा भरवशाचा मार्ग म्हणजे आहारचाचणी. रक्त तपासून केलेले अन्न-ॲलर्जीचे निदान विश्वासार्ह ठरत नाही. चाचणीत मांजराने पूर्वी न खाल्लेले एकच प्रथिन, किंवा प्रथिनांचे बारीक तुकडे केलेले वैद्यकीय खाद्य, किमान ८ आठवडे द्यायचे असते. पोटाची लक्षणे बहुधा २ ते ४ आठवड्यांत निवळतात, कातडीला जास्त वेळ लागतो. पाकिटावर मासा छापलेला असला तरी आतल्या यादीत कोंबडी असू शकते. मनीने बोकडाचे मटण कधी खाल्ले नव्हते आणि ते जळगावात सहज मिळते, म्हणून पशुवैद्यांनी तेच निवडले. ते बिनमिठाचे शिजवून पाण्यासकट देण्यात आले, कारण टॉरिन हे मांजराला अत्यावश्यक द्रव्य त्या पाण्यात उतरते. टॉरिन कमी पडले तर डोळे आणि हृदय बिघडते. नुसत्या मटणात कॅल्शियमही पुरेसे नसते, त्यामुळे दोन्हींची पूरक मात्रा पशुवैद्यांनी ठरवून दिली. खरी कसोटी आजी आणि काकूंची होती. बाहेरचा एक घासही चाचणी बिघडवतो, म्हणून मनीला त्या काळात घराबाहेर सोडले नाही.

लक्षणे गेल्यावर जुने अन्न एकेक करून परत देतात. या टप्प्याशिवाय निदान पक्के होत नाही. प्रत्येक पदार्थानंतर सुमारे २ आठवडे वाट पाहावी लागते. मासे मनीला सोसले. कोंबडी सुरू होताच मान पुन्हा खाजू लागली आणि उलटी झाली, ती बंद केल्यावर दोन्ही थांबले. आता तिला कोंबडीविरहित संतुलित खाद्य मिळते.

आहार बदलूनही गुण आला नाही, तर आतड्याचा जुनाट दाह किंवा लिम्फोमा हा कर्करोग यांचा विचार होतो. दोन्हींत सोनोग्राफी सारखी दिसू शकते, फरक कळायला आतड्याचा तुकडा काढून तपासावा लागतो. उतारवयात थायरॉइड आणि मूत्रपिंडेही तपासतात.

काही लक्षणांत मात्र चाचणीची वाट पाहायची नसते. लठ्ठ मांजराने २-३ दिवस अन्न सोडले तरी यकृतात चरबी साचून जीव धोक्यात येतो. रक्ताची शी, सततच्या उलट्या किंवा झपाट्याने घटणारे वजन हेही तातडीचेच. खान्देशातल्या मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो, तेव्हा जुलाबाने अंगातले पाणी झपाट्याने आटते. हिरड्या चिकट लागल्या किंवा मानेची चिमटीत धरलेली कातडी पटकन खाली बसली नाही, तर त्याच दिवशी सलाइन द्यावे लागू शकते.