उद्याचा शब्द

नांदेड,
रविवार

चि. ताईस,

परवा फोनवर रडवेली झाली होतीस. गंजगोलाईच्या बाजारात लेकराने खेळण्यातल्या मोटारीसाठी भर रस्त्यात अंग टाकलं, चार वर्षांचा झाला तरी जरा दम धरत नाही, म्हणालीस. तेव्हा सुचलं नाही, म्हणून लिहिते.

गेल्या खेपेला मी त्याला गुरुद्वाऱ्यात लंगरला नेलं होतं. पंगत लांबलचक. ताटात डाळ पडली, पण रोटी वाढणारे अजून पार त्या टोकाला. रोटी दोन्ही हातांत घ्यायची, एवढंच मी सांगितलं. लेकरू ओंजळ पुढे धरून बसलं. वाढणारा एकेक माणूस पुढे सरकला की माझ्याकडे बघायचं, पण हात खाली घेतले नाहीत. गरम रोटी हातात पडली तेव्हा त्याचा चेहरा बघायला हवा होतास! म्हणजे दम त्याच्यात आहे. सगळ्यांना मिळतंय, आपल्यालाही मिळणार, हे तिथे त्याला डोळ्यांनी दिसत होतं.

असंच काहीसं अमेरिकेत रॉचेस्टर विद्यापीठातल्या एका प्रयोगात दिसलं; तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात अशाच वयाची २८ मुलं होती. चांगले रंग आणून देतो, असं मोठ्या माणसाने सांगितलं. निम्म्यांना दिले, निम्म्यांना ‘नाहीत’ म्हणून सांगितलं. मग एक गोड वडी समोर ठेवली; थांबलास तर दोन मिळतील. ज्यांना दिलेला शब्द पाळला होता ती मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली. ज्यांचा मोडला होता ती जेमतेम ३ मिनिटं.

मोठ्यांचं तरी वेगळं काय असतं? २०१६ चा उन्हाळा तू लातुरात काढलास. पाणी येईल की नाही याची खात्री उरली नाही, तेव्हा टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली. मग १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, १० वाघिणींतून सुमारे ५ लाख लिटर. शहराची तहान त्याने भागणार नव्हती, पण पाणी येतंय म्हटल्यावर लोकांना धीर आला.

आता मनाला विचार, ‘उद्या घेऊ’ म्हणून आपण त्याला किती वेळा गप्प केलं? मीही केलंय. त्याच्या लेखी ‘उद्या’ म्हणजे ‘नाही’च झालंय. म्हणून तो आत्ताच मागतो.

लहान लहान वाट बघायला लाव. पोळी फुगेपर्यंत थांब, म्हण, आणि फुगली की पहिली त्यालाच दे. कुंडीत मूग पेरा. तीन-चार दिवसांत कोंब वर येतो, तेवढं त्याला पेलेल. द्यायचं नसेल ते तोंडावर ‘नाही’ म्हण. रडेल, रडू दे. पण गप्प करायला मोबाइल हातात देऊ नकोस.

आणि मोटार शनिवारी घेऊ म्हणाली असशील, तर शनिवारीच घे. पाऊस असला तरी जा.

तुझी,
आई