सामान हलवताना

आमची वेबसाइट बंद पडली ते आम्हाला चार दिवस कळलेच नाही. मालेगावच्या एका पालकांनी फोन करून विचारले, "टीचर, वो बच्चों के मज़मूनवाला पेज किधर गया?" तेव्हा उघडून पाहिले, तर पांढऱ्या पानावर इंग्रजीत दोन ओळी. २०२२ च्या पावसाळ्यातली ही गोष्ट.

आम्ही म्हणजे तिघी. बी.एड.ला एका बाकावर बसायचो. आज एक खेडला, एक मालेगावला, एक सोलापूरला. तिघीही उर्दू शाळेत शिकवतो. हा लेख एकीच्या हाताने लिहिला जात असला, तरी बाकी दोघींनी फोनवरून एवढे फेरफार सांगितले आहेत की 'मी' लिहायची सोय उरलेली नाही.

सुरुवात २०१४ ची. सराव पाठांसाठी टाचणे काढायची असत. मराठीतली गाइडे दुकानात रचून ठेवलेली. उर्दूत मात्र आदल्या वर्षीच्या मुलींच्या वह्यांची झेरॉक्स, आणि त्या झेरॉक्सची झेरॉक्स. आपली टाचणे तरी पुढच्या मुलींना मिळावीत म्हणून ब्लॉग काढायचे ठरले. सोलापूरकरणीचा भाऊ पुण्यात कॉम्प्युटरच्या नोकरीत होता. त्याने वर्डप्रेसवर वेबसाइटच उभी करून दिली. वर सरकणारे फोटो, कोपऱ्यात घड्याळ, किती जण येऊन गेले त्याचा आकडा, उर्दू आणि मराठी अशी दोन बटणे. टाचणांच्या जोडीला मुलांचे निबंध आले, त्यांचे मराठी अनुवाद आले. अम्मी-अब्बांना, खालांना, शेजारणींना दाखवून झाले. त्यातला एकही शब्द कोणी वाचला नाही, पण फोटो सरकताना सगळ्यांनी पाहिले!

वर्डप्रेसला नावे ठेवणार नाही. २००३ पासूनचे हे मोफत सॉफ्टवेअर, जगातल्या मोठमोठ्या साइट त्यावर चालतात. पण हवेली मोठी आणि झाडायला कोणी नाही, अशी आमची गत. आज हे अपडेट करा, उद्या ते. दोन भाषांसाठी बसवलेला जोडभाग एकदा बिघडला, तर उर्दू ओळीचा पूर्णविराम उडी मारून भलत्याच टोकाला जाऊन बसला. भाऊ २०१८ ला दुबईला गेला. मग आम्ही त्याच्या शुक्रवारच्या सुटीची वाट पाहायचो. आणि त्याला सुटीच्या दिवशी बहिणीचा फोन आला की ओळखायचा, काहीतरी मोडले आहे.

खरे डोळे उघडले ते २०२० मध्ये. शाळा बंद, घरात फोन एक, तोही अब्बांचा, रात्री कामावरून आल्यावर मिळणारा. मुलाने आमचे पान उघडावे, तर आधी फोटो येणार, मग घड्याळ, मग धडा. तोपर्यंत फोन परत घेतला जाई. तरी दोन वर्षे आम्ही ते फोटो काढले नाहीत. कसे काढायचे ते माहीत नव्हते, हे एक कारण. दुसरे कारण सांगायला शरम वाटते. ते आम्हाला आवडत होते.

तर बंद पडण्याचे कारण अगदी साधे. जागेचे वार्षिक भाडे भरायची आठवण देणाऱ्या मेल भावाच्या जुन्या कचेरीच्या पत्त्यावर जात होत्या, आणि ती नोकरी त्याने केव्हाच सोडली होती. त्याच्याकडे नक्कल होती म्हणून २१२ लेख वाचले. अल्लाहचे शुक्र मानले आणि तिघी फोनवर भांडायला बसलो.

खेडकरीण म्हणाली, ब्लॉगरवर जाऊ. १९९९ मध्ये सुरू झालेली, २००३ पासून गुगलकडे असलेली सोय. भाडे नाही, अपडेट नाही. मालेगावकरणीने हरकत घेतली. "फुकटची जागा म्हणजे दुसऱ्याची जागा. गुगलने २०१३ ला रीडर बंद केले, २०१९ ला गुगल प्लस बंद केले. उद्या हेही केले तर?" मुद्दा खरा होता, आजही आहे. म्हणून दर महिन्याला सगळ्या लेखांची एक फाइल उतरवून ठेवायची, ही अट घालून ती तयार झाली. ती फाइल आठवणीने उतरवते तीच.

निम्म्याहून अधिक लेख हाताने उचलून नव्या जागी चिकटवले. नव्या पानावर फोटो नाहीत, घड्याळ नाही. उर्दू लेखाच्या डोक्यावर ओळीची दिशा उजवीकडून सांगणारा छोटा कोड टाकायचा, एवढेच शिकावे लागले. मेलने लेख पाठवला की तो आपोआप मसुद्यात येऊन पडतो. मालेगावकरीण तर स्टाफरूममधून फोनवरूनच पाठवते. पान झटकन उघडते. इथपर्यंत सारे ठीक होते.

अडलो ते सरांपाशी.

सर म्हणजे आमच्यापैकी एकीच्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. आमच्या प्रत्येक उर्दू लेखाखाली त्यांची प्रतिक्रिया असे. कौतुक कधीच नाही, फक्त इमला. "भाई"मध्ये दो-चश्मी हे हवी, तुम्ही छोटी हे लावून बहाई केलात. "लिये"वर हमज़ा नको. "इन शा अल्लाह" तीन शब्द आहेत, सुटे लिहा. आम्ही 'शुक्रिया सर' लिहून मोकळ्या होत असू. २०२१ च्या एप्रिलमध्ये ते गेले. जनाज़्याला जाणे कोणालाच जमले नाही, ते दिवसच तसे होते.

हाताने लेख उचलले तर त्याखालच्या प्रतिक्रिया येत नाहीत. म्हणजे सर जुन्या घरीच राहणार. सोलापूरकरीण म्हणाली, "मग नकोच ते नवे घर." आठ दिवस काम थांबले. शेवटी ठरले की प्रत्येक लेखाखाली त्यांचे शब्द वेगळे उतरवायचे. उतरवायला बसलो, तेव्हा लक्षात आले की त्यांनी दाखवलेल्या चुका लेखात जशाच्या तशा आहेत. आम्ही एकही सुधारली नव्हती.

त्याला एक कारण होते. सुरुवातीची टाचणे आम्ही इनपेजमध्ये टाइप केली होती. इनपेजच्या जुन्या फाइली युनिकोडमध्ये नसतात. मजकूर दुसरीकडे चिकटवला की अगम्य खुणांचा ढीग पडतो. म्हणून आम्ही पानाचे चित्र करून चढवत असू. कैक उर्दू वर्तमानपत्रांची वेबपाने वर्षानुवर्षे तशीच चित्रांची होती. चित्रात नस्तालीक सुंदर दिसते, पण नुक्तासुद्धा बदलता येत नाही, आणि शोधायला गेले तर एक शब्द सापडत नाही. अशी चित्रे निघाली ६४.

ती आम्ही पुन्हा टाइप करायला घेतली आहेत, सरांची प्रतिक्रिया शेजारी उघडी ठेवून. एक नवाच धडा मिळाला. फोनवर अरबी कीबोर्ड राहिला तर काफ आणि ये अरबी पडतात. बऱ्याच शब्दांत डोळ्याला फरक दिसत नाही, पण मशीनच्या लेखी ती अक्षरे वेगळी, त्यामुळे शोध लागत नाही. ही चूक मात्र सरांनी कधी दाखवली नव्हती. ते चित्रेच वाचत होते.

शुक्रवारी दुपारी तिघी फोनवर एकत्र बसतो. एक वाचते, एक टाइप करते, एक तपासते. मुलांचा गोंगाट, कुकरच्या शिट्ट्या सुरू असतातच. ४७ झाली, १७ बाकी आहेत. त्यांतल्या एका टाचणाखाली सरांनी नुसते प्रश्नचिन्ह ठेवले आहे. ते टाचण आम्ही तिघींनी आलटून पालटून वाचले. चूक अजून सापडलेली नाही.