चानी नव्हे ती

आमच्या घरामागे दगडांचा गडगा आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये असे गडगे जिथे तिथे दिसतात. जुन्या शेतकऱ्यांनी जमिनीतून निघालेले धोंडे उचलून बांधावर रचले, मध्ये चुना नाही की माती नाही. पुढे शेती गेली, रान परत वाढलं, गडगे तेवढे राहिले. आई कुडाळहून पहिल्यांदा आमच्याकडे आली तेव्हा साऱ्या घरादारात तिला ओळखीचा वाटला तो हा गडगाच. सकाळचा चहा घेऊन ती मागच्या पायरीवर बसायची आणि तिकडे बघत राहायची.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी तिने हाक मारली, "गो, चानी बघ!"

आमच्याकडे खारीला चानी म्हणतात. मी बाहेर आले. गडग्याच्या सगळ्यात वरच्या धोंड्यावर तो बसला होता. पाठीवर पट्टे, पुढच्या दोन पायांत काहीतरी धरलेलं. "चिपमंक म्हणतात त्याला इकडे," मी म्हणाले, "आपली खारच ती."

अकरा वर्षं मी या घरात राहत होते आणि अकरा वर्षं माझी हीच समजूत होती. ओकच्या झाडांवरून उड्या मारणारी मोठी, करडी, बिनपट्ट्यांची ती इथली खार, आणि हा पट्टेवाला म्हणजे आपली खार, फक्त नाव वेगळं. पाठीवर पट्टे असले की खार, हे लहानपणीच डोळ्यांत बसलेलं असतं. त्या करड्या प्राण्याला खार म्हणायलाच मला सुरुवातीला जड गेलं होतं.

आई काही बोलली नाही. कप बाजूला ठेवून ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "ही चानी न्हय."

"कशावरून?"

"तोंडार पट्टे आसत बघ. रामान हात फिरवल्यान तो पाठीर. तोंडार खंय फिरवल्यान?"

सेतूला वाळू वाहणाऱ्या खारीची गोष्ट मी तिच्याच मांडीवर ऐकलेली. पाठीवरचे पट्टे म्हणजे रामाची बोटं, एवढंच माझ्या लक्षात राहिलं होतं. बोटं कुठे फिरली नाहीत, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. मी चष्मा लावून पुन्हा पाहिलं. खरंच, त्याच्या डोळ्याच्या वर एक फिकट पट्टा होता, खाली एक होता आणि मधून, थेट डोळ्यातून, गडद रेघ गेली होती. आपल्या खारीचं तोंड आठवून पाहिलं. ते साधं असतं, एकरंगी, भुरकट.

एकदा तोंड दिसल्यावर पाठही वेगळी दिसायला लागली. आमच्या कोकणातल्या चानीच्या पाठीवर गडद रंगावर तीन फिकट रेघा असतात. उत्तरेकडच्या खारीला कडेच्या दोन धरून पाच. त्यातली मधली रेघ फिकट. चिपमंकच्या पाठीवर बरोबर मध्ये काळपट रेघ असते आणि दोन्ही बाजूंना काळ्या किनारीतला एकेक साईच्या रंगाचा पट्टा. शिवाय ते पट्टे शेपटीपर्यंत पोचतच नाहीत. ढुंगणाचा भाग तांबूस असतो, तिथे ते संपतात. अकरा वर्षांत मी हे पाहिलं नव्हतं. आईने एका चहात पाहिलं.

त्यानंतर तिला नादच लागला. आणि मलाही. ती बघायची, मी रात्री वाचून काढायचे, सकाळी पुन्हा दोघी पायरीवर. तिने दुसरी खूण काढली ती पळण्यावरून. "आमची चानी घाबारली की माडार चढता. ह्यो जमनीत गेलो." शेजारचं मांजर दिसलं की चिपमंक गडग्याच्या फटीत शिरायचा नाहीतर बिळात. झाडावर तो चढत नाही असं नव्हे. ओकची फळं काढायला चांगला वरपर्यंत जातो. पण जिवावर बेतलं की त्याला आठवतं ते बीळ, आणि करड्या खारीला आठवतं ते झाड. पळताना त्याची शेपटी काठीसारखी सरळ उभी असते. करड्या खारीची शेपटी झुबकेदार, तिच्या धडाएवढी लांब. वजनातलाही फरक मोठा. चिपमंक शंभर ग्रॅमच्या आसपास, करडी खार अर्धा किलो. आपली खार वजनाने चिपमंकलाच जवळची, त्यामुळे नजर आणखी फसते.

मग तिला बीळ सापडलं. अंगणातच, गवतात, दोन बोटं जातील न जातील एवढं स्वच्छ गोल भोक. आई वाकून बघत होती आणि तिने जो प्रश्न विचारला तो ऐकून मी थक्क झाले. "माती खंय गेली?"

उंदीर-घुशींची बिळं तिने जन्मभर पाहिलेली. बिळाच्या तोंडाशी मातीचा ढीग असायचाच. इथे चिमूटभरही नव्हती. मी शोधलं तर उत्तर सुरेख निघालं. चिपमंक खणायला एका ठिकाणाहून सुरुवात करतो, माती गालांतल्या पिशव्यांत भरून लांब नेऊन टाकतो. काम झालं की ते पहिलं भोक बुजवतो आणि आतून दुसरीकडे नवं दार काढतो. ढीगच नाही, तर शत्रूला घर कळणार कसं? आत लांबलचक भुयार असतं, कधी कधी तीस फुटांपर्यंत, आणि त्यात झोपायची खोली वेगळी, कोठी वेगळी. गालांतल्या त्या पिशव्या ही तर त्याची मोठीच खूण. भरल्या की एकेक पिशवी डोक्याएवढी फुगते. आमच्या खारीला किंवा त्या करड्या खारीला अशा पिशव्या नसतात. त्यांना जे न्यायचं ते दातांत धरून न्यावं लागतं. आईने एकदा त्याला मूठभर शेंगदाणे टाकले. त्याने एकही खाल्ला नाही. दोन्ही गाल भरले आणि लग्नघरच्या कोठीवाल्याच्या लगबगीने निघून गेला.

आणि इथे मला एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती वाचून मला फार आनंद झाला होता. लिनिअसने 1758 मध्ये चिपमंकला शास्त्रीय नाव दिलं आणि 1766 मध्ये आपल्या खारीला. दोन्ही वेळा त्याने त्यांना एकाच प्रजातीत घातलं, सियुरस, म्हणजे खार. माझी जी समजूत होती तीच. पुढे अभ्यासकांनी ती वेगळी केली. चिपमंकसाठी 1811 मध्ये टेमियस हे नाव आलं. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ कोठारी, धान्यकोठीचा कारभारी. आपल्या खारीच्या प्रजातीचं नाव फ्युनॅम्ब्युलस. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ दोरीवरून चालणारा, म्हणजे आपला डोंबारी. आईला हे सांगितलं तेव्हा ती लगेच म्हणाली की बरोबर आहे, आमच्या मागीलदारी कपड्यांच्या तारेवरून चानी रोज जाते, पोफळीवरून आंब्यावर. एकाने जमिनीखाली कोठी भरायची, दुसरीने तारेवरून पळायचं. माझ्या मते या दोन नावांत दोघांचा सगळा फरक येऊन गेला आहे.

तशी दोघंही एकाच कुळातली. शास्त्राने बघितलं तर चिपमंक ही खारच. 'ही खार की चिपमंक?' हा प्रश्न 'हा आंबा की हापूस?' असा आहे. आंबोलीच्या रानात आईने पाहिलेलं दीड-दोन किलोचं शेकरू, आपल्या राज्याचा प्राणी, तेही याच कुळातलं. चिपमंक हा शब्दसुद्धा इथल्या ओडावा आणि ओजिब्वे या मूळ रहिवाशांच्या भाषांतून आला असं मानतात, आणि तिथे त्या शब्दाचा अर्थ आहे तांबडी खार. नावातच एकीची ओळख दुसऱ्याला चिकटलेली.

जुलैमध्ये आम्ही आईला घेऊन कोलोरॅडोत गेलो, रॉकी माउंटन नॅशनल पार्कला. बेअर लेक साडेनऊ हजार फुटांच्या आसपास आहे. चार पावलं चाललं की दम लागतो. आई तळ्याकाठी एका धोंड्यावर बसली. पायाशी लगेच एक प्राणी आला, गुबगुबीत, तांबूस सोनेरी डोक्याचा, अंगावर ठसठशीत पट्टे. खायला घालू नका अशा पाट्या असूनही लोक पिशव्या उघडतात हे त्याला पाठ होतं. आजूबाजूची मुलं आनंदाने ओरडत होती, "चिपमंक! चिपमंक!" मीही तेच म्हणणार होते.

आईने माझा हात धरला. "तोंड बघ."

तोंड कोरं होतं. एकही रेघ नाही. पट्टे होते ते फक्त अंगाच्या दोन कुशींवर, काळ्या किनारीतला एकेक पांढरा, आणि पाठीच्या मधोमध काहीच नव्हतं. म्हणजे हा चिपमंक नव्हे. पण माझ्यापुढे तिढा असा की आमच्या नियमाप्रमाणे, पाठीवर पट्टे आणि तोंड कोरं म्हणजे चानी! आईने तोही सोडवला. "चानी न्हय. चानी इतकी जाडी नसता, आनी मधली रेघ खंय आसा?" उद्यानातल्या फलकावर नाव सापडलं. गोल्डन मॅन्टल्ड ग्राउंड स्क्विरल, बिळात राहणारी खार. पश्चिमेकडच्या डोंगरांत लोक सगळ्यात जास्त फसतात ते हिला बघून. आणि नशीब असं की पंधरा-वीस मिनिटांत तिथेच खरा चिपमंकही आला, आमच्या गडग्यावरच्यापेक्षाही लहान, किडकिडीत, नाकापासून कानापर्यंत रेघा ओढलेला. दोघं एकाच धोंड्यावर होते. आईने त्या ओरडणाऱ्या मुलांपैकी एका मुलीला जवळ बोलावलं. इंग्रजी तिला येत नाही. तिने आधी एकाकडे बोट दाखवलं आणि स्वतःच्या गालावरून बोट ओढलं, मग दुसऱ्याकडे दाखवून नकारार्थी मान हलवली. मुलीने दोघांकडे पाहिलं आणि तिला कळलं. तिने धावत जाऊन आपल्या भावालाही तसंच गालावर बोट ओढून दाखवलं.

ऑक्टोबरच्या शेवटी आई परत गेली. त्या दिवसांत गडग्यावर नुसती धावपळ चालली होती. ओकची फळं पटापट गालांत जात होती. करड्या खारीही साठवत होत्या, पण त्यांची तऱ्हा निराळी. एक फळ इथे पुरायचं, एक तिथे, अशी शेकडो ठिकाणं. चिपमंकचं सगळं एकाच कोठीत.

नोव्हेंबर संपता संपता तो दिसेनासा झाला. पहिला बर्फ पडल्यावर करड्या खारी नेहमीसारख्या बाहेर होत्या, वासाने जागा हुंगून बर्फ उकरत होत्या. गडगा मात्र सुना. तो कुठे आहे हे मला ठाऊक होतं. चिपमंक हिवाळाभर सलग झोपत नाही. काही दिवस निपचित पडतो, अंग थंडगार होतं, एरवी मिनिटाला साडेतीनशेपर्यंत जाणारे हृदयाचे ठोके अगदी थोडक्यावर येतात. मग जागा होतो, कोठीत जाऊन खातो, पुन्हा निजतो. हे सगळं वाचलेलं असूनही जानेवारीत अंगणात दोन फूट बर्फ साचला तेव्हा मला त्याची काळजी वाटायची. आईचा फोन आला की ती आधी मुलांचं विचारायची, नंतर ह्यांचं, आणि मग, "तो उठलो काय?"

तिच्याकडे मात्र चानीची बाळं झाली होती. पडवीच्या वाशांत सोडणाचा काथ्या आणि जुन्या गादीतला कापूस नेऊन घरटं केलं होतं. तिने तो कापूस मुद्दाम बाहेर काढून ठेवला होता, हे तिने मला जरा हळू आवाजात सांगितलं, कारण बाबांना चिकू कुरतडलेले आवडत नाहीत.

मार्चच्या चौथ्या आठवड्यात, बर्फाचे चट्टे अजून गडग्याच्या सावलीत होते, तेव्हा सकाळी चिप-चिप-चिप असा आवाज आला. आधी पक्षी वाटला. आता मला माहीत आहे की तो उंच 'चिप' जमिनीवरच्या शत्रूसाठी असतो आणि ससाणा दिसला की जरा जाड, खालच्या स्वरात 'चक'. म्हणजे मांजर असणार. मी मोबाइल घेऊन मागच्या दारी गेले. मांजर होतंच. आणि वरच्या धोंड्यावर तो होता, बारीक झालेला, शेपटी ताठ. मी फोटो काढेपर्यंत त्याने बिळाकडे उडी घेतली होती. फोटोत तांबूस ढुंगण, पट्टे आणि उभी शेपटी एवढंच आलं. तरी मी तो लगेच आईला पाठवला. कुडाळात संध्याकाळ झाली होती.

तिचा फोन दोन मिनिटांत आला. "तोंड खंय दिसता? पाठीवरसून कसा कळतला? उद्या सारको काढ."