अंकांची उलटी चाल

आकडा हा अक्षरापेक्षा प्रामाणिक, अशी एक समजूत कचेऱ्यांतून रूढ आहे. शब्दाचे दोन अर्थ निघतील, रकमेचे निघणार नाहीत, या भरवशावर टिपणीतील विशेषणे खोडली जातात आणि आकड्यांखाली रेघ ओढली जाते. होसकोट्यास बिऱ्हाड केल्यापासून आमचा हा भरवसा थोडा डळमळला आहे.

येथील भाजीवाली 'इप्पत्तैदु' म्हणते. म्हणजे आधी वीस, मग पाच. आम्ही मनाशी 'पंचवीस' म्हणतो. आधी पाच, मग वीस. पिशवीत पडणारी भाजी तीच, देण्याचे पैसेही तेच. पण संख्या एका भाषेतून दुसरीत उतरताना मध्येच कोलांटी खाते. 'अंकानां वामतो गतिः' हे आपले जुने सूत्र. शब्दांनी संख्या सांगताना एकं आधी सांगावा आणि अंक उजवीकडून डावीकडे मांडीत जावे, असा त्याचा भाव. मराठीने तेही पुरते पाळले नाही. 'एकशे पंचवीस' म्हणताना आपण शतकास पहिला मान देतो, मग एकं उच्चारतो आणि दशकास शेवटी आणतो! २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस पाच' या धर्तीची संख्यानामे आली, तेव्हा केवढा गदारोळ उठला! गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांना त्या सुधारणेचे समर्थन करता करता पुरेवाट झाली.

यंत्रांच्या जगातही हाच तंटा आहे. संगणक मोठी संख्या बाईट नावाच्या लहान लहान घरांत मांडतो. १९६४ साली जाहीर झालेले आयबीएमचे सिस्टिम/३६० हे यंत्र थोरले घर आधी मांडी. इंटेलच्या घराण्यातील यंत्रे धाकटे आधी मांडतात. एकाने चार घरांत लिहिलेला १ दुसऱ्याने आपल्या रीतीने वाचला, तर त्याचे १,६७,७७,२१६ होतात. डॅनी कोहेन यांनी १ एप्रिल १९८० रोजी या भांडणावर एक टिपण लिहिले आणि दोन्ही पक्षांना 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स'मधील, अंडे कोणत्या टोकाने फोडावे यावरून लढणाऱ्यांची नावे दिली. विनोद खरा, पण त्यातील उपदेश गंभीर होता. कोणतीही एक रीत ठरवा, पण सर्वांनी तीच पाळा.

क्रम जुळला तरी मापाचा प्रश्न उरतोच. बत्तीस बिटांच्या घरात, ऋण संख्यांची सोय ठेवली तर, २,१४,७४,८३,६४७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी देशातील पहिले आधार क्रमांक दिले गेले. ते बारा आकडी, म्हणजे या घराबाहेरचेच. जावास्क्रिप्टची नेहमीची संख्या ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९१ पर्यंत बिनचूक राहते. तिच्यापुढे शेजारच्या दोन संख्या एकच होऊन बसतात. २०१० साली ट्विटरने आपले संदेशक्रमांक लांबविले, तेव्हा हीच अडचण उभी राहिली. तोच क्रमांक एकदा संख्या म्हणून आणि एकदा अक्षरे म्हणून पाठविण्याची तोड त्यांनी काढली.

हे सारे यंत्रज्ञांचे कौतुक म्हणून आम्ही बाजूस ठेवले असते. परंतु आमच्या शेजारच्या एका वृद्ध विधवेचे कुटुंब निवृत्तिवेतन दोन महिने आले नाही. बाईंचा बँकेतील खातेक्रमांक सोळा आकडी. कोठल्याशा कचेरीत यादी स्प्रेडशीटमध्ये चढविली गेली. स्प्रेडशीट पंधराच आकडे खरे मानते. सोळाव्या स्थानी तिने निमूटपणे शून्य ठेवले. घंटा वाजली नाही, लाल शाई उमटली नाही. पैसे निघत आणि परत जात. खिडकीवर बाईंना 'क्रमांक जुळत नाही' एवढेच उत्तर मिळे आणि इकडे औषधवाल्याची उधारी वाढे. शेवटी बाईंनी पासबुकातील एकेक अंक कानडीत वाचला आणि आम्ही तो यादीच्या छापील प्रतीशी ताडून पाहिला. एकेक अंक सुटा वाचला की आधी वीस की आधी पाच, हा वादच उरत नाही. शेवटच्या अंकाशी दोघेही थबकलो. पासबुकात सात होता.

खातेक्रमांक ही वस्तुतः संख्याच नव्हे. ते अंकांत लिहिलेले नाव आहे. नावांची कोणी बेरीज करीत नाही, आणि त्यांचे शेवटचे अक्षर पूर्णांकात बसवीत नाही. असे क्रमांक अक्षरे म्हणूनच लिहावेत, अक्षरे म्हणूनच वाचावेत.

आपणा बदलीवाल्यांना हे समजण्यास अवघड जाऊ नये. एका कचेरीतून दुसरीत जाताना आपल्याबरोबर अंतिम वेतन प्रमाणपत्र जाते. हा मनुष्य कोण, कोणत्या वेतनावर होता, त्याच्याकडून काय वसूल व्हायचे आहे, हे नव्या कचेरीने तर्काने ठरवू नये म्हणून ते असते. परमुलखी निघालेल्या आकड्याबरोबरही असा एक कागद असावा: याचे थोरले टोक कोणते, याला घर केवढे लागते, आणि हा मोजण्याचा आहे की केवळ ओळखण्याचा. आकडा खोटे बोलत नाही, हे खरेच. पण परक्या घरी गेल्यावर आपल्याला चुकीचे वाचले जात आहे, हे सांगण्यास त्याला तोंडही नसते. ते सांगणारे कोणीतरी वाटेवर असावे लागते.