शिशाची तार

गेल्या महिन्यात आमचे मिस्त्रीकाका गेले. त्यांच्या मुलानं पेटी आवरताना शिशाच्या तारेचं भेंडोळं माझ्या हातात ठेवलं आणि डिझेलनं धुतलेल्या ब्लॉकचा वास नाकात शिरला.

बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्या वडिलांच्या, आप्पांच्या टाटा-मर्सिडीज ट्रकचं इंजिन उतरवलं होतं. हेडला तडा गेला म्हणून आप्पांनी जुन्या बाजारातून दुसरं आणलं. विकणारा म्हणाला होता, "मालक, डोळे झाकून बसवा." त्या माणसावरचा माझा राग अजून गेलेला नाही. बोल्टांची भोकं जुळत होती. काकांनी हेड उलटं केलं, तळावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "आप्पा, ह्याची आग पिस्टनमधी हाय. आपली हेडात."

त्या जुन्या इंजिनात डिझेल आधी हेडातल्या छोट्या कोठीत पेटायचं. बेंझ कंपनीतल्या प्रॉस्पर लोरांज यांनी १९०९ साली या कोठीचं पेटंट घेतलं. टाटांचा जर्मनांशी करार १९५४चा, तो संपला १९६९ला आणि गाडीच्या जाळीवरचा मर्सिडीजचा तारा उतरला. पुढच्या इंजिनांत डिझेल थेट पिस्टनच्या माथ्यावरच्या वाटीत पेटू लागलं, हेडचा तळ सपाट झाला. सपाट हेडाखाली बिनवाटीचा पिस्टन आला, तर दाबलेल्या हवेला जागाच उरत नाही. कोठीच्या हेडाखाली वाटीचा घातला, तर दाब पडतो. थंडीत गाडी उठत नाही, उठली तर पांढरा धूर ओकते.

जोडीचं हेड मिळेपर्यंत ट्रक उभा राहिला. उसाचा हंगाम होता, हप्ता थकला. त्या दिवसांत आई आप्पांशी फार कमी बोलायची.

मला मात्र आठवते ती तार. हेड मिळाल्यावर काकांनी पिस्टनच्या माथ्यावर तारेचे तुकडे ग्रीसनं चिकटवले, गॅस्केट घालून हेड आवळलं, क्रँक हातानं फिरवला आणि पुन्हा सगळं खोललं. पिस्टन आणि हेडमधली फट कळावी म्हणून चपटी झालेली तार मायक्रोमीटरमध्ये धरून ते मला म्हणाले, "वाच पोरी." शाळा सुटलेल्या मुलीला त्यांनी मोजायला दिलं! सहाही पिस्टन त्यांनी शेजारच्या किराणा दुकानाच्या काट्यावर तोलले. जड निघालेला आतून खरवडून बरोबरीला आणला. त्या दिवसाची मजुरी त्यांनी घेतली नाही.

जुनं इंजिन बांधायला काढाल, तर पैसे मोजण्याआधी हेड उलटं करून बघा आणि आपला एक पिस्टन सोबत न्या.