नाव कधी घ्यायचं

ख्रिस्तजन्माच्या आख्यानात येशूचं नाव पहिल्यांदा कुठे घ्यायचं, यावर आमच्या घरात संसारभर वाद चालला. ह्यांचं म्हणणं, नमनातच घ्यायचं. ज्याला बसायचं तो बसेल, ज्याला उठायचं तो उठेल. मला ते पटत नसे. मंडळीत, आपल्याच माणसांपुढे उभं राहायचं तर प्रश्नच नाही. पण नाताळच्या आठवड्यात नगर, नेवासे, श्रीरामपूरकडच्या गावांत पारावर कीर्तन लावलं, की समोरची निम्मी माणसं नुसती पेटी ऐकून आलेली असायची. पहिल्याच ओळीला नाव घेतलं तर ‘हे मिशनवाले’ म्हणून ती मनानं तिथेच उठतात आणि गोष्ट तशीच राहते. आधी गोष्ट ऐकू दे, नाव मागून येईल, असं मी म्हणायची.

म्हणून माझा पूर्वरंग आल्यागेल्याचं करण्यावर. तुकोबांचा एक अभंग, त्यावर निरूपण. मग उत्तररंगात खानेसुमारीसाठी वाटेला लागलेलं एक जोडपं. मरियेचं नाव नाही, योसेफाचं नाही. दिवस भरत आलेली बाई, दमलेला नवरा, उतरायला कुठे जागा नाही. इथवर आलं की बायका पुढे सरकायच्या. कळा सुरू होतात तिथे साकी संपवायची, चिपळ्या बंद, पेटीवर नुसता षड्ज. हे भाता इतका हलका दाबायचे की सूर तुटायचा नाही आणि वाढायचाही नाही. तेवढ्या सुरावर मी नाव धरून ठेवायची.

आणि तरी जागा कधी बरोबर बसली नाही. बाळ जन्मल्याबरोबर नाव घेतलं तर लवकर होतं. मेंढपाळांच्या तोंडी घातलं तर ते देवदूतांच्या गर्दीत हरवतं. काही वर्षं मी ते हेरोदापर्यंत लांबवलं. शिपाई घरोघर बाळं शोधताहेत, कोणाला शोधताहेत ते सांगायचं नाही, आणि मिसरच्या वाटेवर नाव. तिथे माणसं श्वास रोखून बसायची. पण कुठेही घेतलं तरी नावापाठोपाठ कोणीतरी धोतराची धूळ झटकून उठायचं. तो झटकल्याचा आवाज मला टाळ्यांपेक्षा मोठा ऐकू यायचा. एकदा परतताना एसटीत हे म्हणाले, “गोठ्यात, सगळ्यांसमोर जन्माला आलेल्याला तू दाराआड का उभं करतेस?” मी खिडकीबाहेर बघत राहिले.

मी दाखला द्यायची फादर स्टीफन्सचा. त्यांचं ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात राचोलला छापलं. त्यातलं पहिलं पुराण सगळं जुन्या कराराचं, ख्रिस्तजन्म दुसऱ्यात. एवढ्या मोठ्या कवीला घाई नव्हती तर मला का असावी? ह्यांचं उत्तर तयार असायचं. स्टीफन्सचे श्रोते बाप्तिस्मा झालेले होते, ओव्या कोणाच्या चालल्यात हे त्यांना आधीच ठाऊक होतं. तुझे श्रोते परके आहेत, त्यांच्याशी जास्त उघड वागलं पाहिजे.

आता हे नाहीत, तेव्हा लिहून टाकते. मला ते नाव धरून ठेवणं आवडायचं. अख्खा पार माझ्या एका शब्दासाठी थांबलाय, हे कळण्यात सुख होतं, आणि ते सुख प्रभूचं नव्हतं, माझं होतं. बायका डोळे पुसायच्या तेव्हा मी बरोबर मोजायची, किती. गावातून निघताना कोणी “बाई, काय गळा आहे” म्हटलं की ते मला “काय गोष्ट आहे” यापेक्षा गोड लागायचं. आजही लागेल.

ह्यांच्या मागे मी मुलाकडे आले. तो म्हैसूरजवळ बेळगोळच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहे. कारखाने संपले की ऊस आणि भात, वर कृष्णराजसागर, खाली श्रीरंगपट्टण. पेटी आणली आहे, वाजवणारे हात नाहीत. माझी पट्टी काळी चारवरून काळी दोनवर आली. मुलगा पहिल्याच नाताळला म्हणाला, “आई, इथे कोणाच्या दारी जाऊ नको हं.” २०२२ साली कर्नाटकात धर्मांतराविरुद्ध कायदा झाला, पुढच्या वर्षी नव्या सरकारनं तो रद्द करायचं ठरवलं, पण लोकांच्या मनातली शंका मंत्रिमंडळाच्या निर्णयानं जात नाही, हे तोही जाणतो, मीही.

आणि ती शंका सगळीच खोटी आहे असं मी म्हणणार नाही. हल्ली नाताळात मोठा मांडव, एलईडीचा पडदा, कीबोर्ड, बाहेरून आणलेला वक्ता. दर वाक्याला येशूचं नाव आणि दर नावामागे दुखणं बरं होण्याचं आश्वासन. गोष्ट कोणी सांगतच नाही. सांताक्लॉज मात्र हटकून येतो. कृष्णराव सांगळ्यांनी एकोणिसाव्या शतकात नगरला ख्रिस्ती कीर्तनाची घडी बसवली, नारायण वामन टिळकांनी त्यात आपली वाणी ओतली. ती घडी आमच्याच मंडळ्यांनी ‘जुनं झालं’ म्हणून गुंडाळून ठेवली. तरुण पाळक मला विचारतात, कीर्तन पंधरा मिनिटांत बसेल का? पंधरा मिनिटांत नमन होतं.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी मी घरात गव्हाणी मांडली. दार उघडं होतं. बेळगावकडची एक शेजारीण घरमालकांच्या म्हाताऱ्या आईला घेऊन आली. अज्जींना मराठी येत नाही. उंबऱ्यातच त्यांनी गव्हाणीकडे बघितलं आणि मला विचारलं, “येसु कथेना?”

येशूची कथा का? मी चिपळ्यासुद्धा हातात घेतल्या नव्हत्या. “हौदु,” म्हटलं. अज्जींनी पदर सावरला आणि भिंतीला टेकून बसल्या.

नाव त्यांनीच घेऊन टाकलं. त्यांना ते नवं नव्हतंच. म्हैसूरच्या सेंट फिलोमिना चर्चची पायाभरणी १९३३ साली कृष्णराज वडियार महाराजांनी केली. तिथली गव्हाणी बघायला नाताळात सगळ्या धर्मांची माणसं रांग लावतात, आणि अज्जी तरुणपणापासून त्या रांगेत उभ्या राहिलेल्या. माझं निरूपण त्यांना एक अक्षर कळलं नाही. पण साकी सुरू झाली आणि त्यांचा हात मांडीवर पडू लागला. त्या रामनवमीच्या हरिकथेत वाढलेल्या. मराठी कीर्तनकार तंजावरकडे गेले तेव्हा साकी, दिंडी, ओवी दक्षिणेतल्या हरिकथेत गेल्या त्या कायमच्या. साकी कुठे वळणार हे अज्जींना माझ्याइतकंच ठाऊक होतं. मी कळांपाशी आले, सवयीनं थांबले. षड्ज द्यायला कोणी नव्हतं. अज्जी शेजारणीला काहीतरी म्हणाल्या.

“मावशी, अज्जी इचारतायत, सुईण कोण होती म्हणून.”

इतकी वर्षं मी त्या जागेवर एका नावासाठी झुरले आणि बाळंतिणीपाशी कोण होतं हे माझ्या मनात आलं नाही. शुभवर्तमानात सुईण नाही. “कोणी नव्हतं,” मी म्हटलं. शेजारणीनं ते कन्नडात सांगितलं. अज्जींनी जीभ टाळ्याला लावून ‘च् च्’ केलं आणि पुढे सांग म्हणून हात हलवला. पुढची कथा मी त्यांच्याकडे बघत केली. कोण उठतंय हे बघायचं राहून गेलं.

बेळगोळहून श्रीरंगपट्टण जवळच आहे. १७९९ साली टिपू पडल्यानंतर तिथल्या ख्रिस्ती लोकांत आबे दुब्वा नावाचा फ्रेंच धर्मगुरू आला. देशी वेष, देशी चालीरीती, इथल्या माणसांची बारीक ओळख. एकतीस वर्षं भारतात काढून तो १८२३ साली परत गेला, आणि त्याच वर्षी लंडनला त्याची पत्रं छापली: हिंदूंना ख्रिस्ती करणं आता होण्यासारखं नाही. मला त्या माणसाचं वाईट वाटतं. तो मोजत होता, मीही पारावर बसलेली डोकी मोजत होते. टिळकांनी १९१७ साली ‘देवाचा दरबार’ काढला तो बाप्तिस्मा झालेल्यांना आणि न झालेल्यांना एकत्र घेऊन. मोजणीला त्यांनी दरबारात जागाच ठेवली नाही. ह्यांना ते लवकर कळलं होतं, असं आता वाटतं.

आता आख्यान नव्यानं बांधते आहे. नाव नमनात, ह्यांच्या मनासारखं. त्यामुळे कळांनंतरची ती जागा रिकामी पडली आहे. तिथे सुईण घालावी असं मनात येतं. उतारशाळेतलीच कोणी म्हातारी, कंदील घेऊन आलेली. दिंडी अर्धी जुळलीही आहे. पण शुभवर्तमानात नसलेलं माणूस गव्हाणीपाशी आणायचा हक्क मला आहे का? हे असते तर नाही म्हणाले असते. अज्जींना विचारलं, तर त्यांना म्हातारी हवीच आहे, आणि दिंडीही थोडी संथ हवी आहे. डिसेंबर लागायच्या आत ठरवायला हवं, नाहीतर चाल गळ्यात बसणार नाही.